पायरीवर ओतलेलं पाणी

आज सायंकाळी सातला बर्फ पडेल, असं मॉलच्या दारातल्या पाटीवर लिहिलं होतं, आणि सिंगापूरच ते, सातच्या ठोक्याला तो पडलासुद्धा. वरच्या कठड्याला बांधलेल्या यंत्रांतून घरघर करत साबणाचा फेस सुटला, खाली पोरांनी एकच गिल्ला केला, आणि शैलेंद्रची आठ वर्षांची वल्लरी पोहण्याचा चष्मा डोळ्यांवर ओढून त्यात जी घुसली ती दिसेनाशीच झाली. डिसेंबर असला तरी शर्ट पाठीला चिकटत होता. शैलेंद्र रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून परस्परच आला होता, गळ्यात बँकेचं ओळखपत्र, एका हातात लेकीच्या चपला. खिशातला फोन थरथरला तो याच वेळी. मेसेज त्याच्या अमेरिकेतल्या भाडेकरूचा, तन्मयचा होता. ‘दादा, आज आमच्या संध्याकाळी पाचला, म्हणजे तुमच्या उद्या सकाळी सहाला, विमा कंपनीची बाई तुम्हाला फोन करेल. पायऱ्यांवरचा बर्फ काढायचं काम आमच्याकडेच होतं असं मी तिला सांगितलंय. तुम्ही फक्त हो म्हणा. आई बऱ्या आहेत. काळजी नसावी.’ शैलेंद्रने तो पुन्हा वाचला. शेवटचे दोन शब्द त्याला चपलेत खडा जावा तसे टोचले, आणि त्याच क्षणी वल्लरी त्या फेसात पाय घसरून सपशेल आपटली.

तिला काही झालं नव्हतं. ती हसतच उठत होती. पण तो पोचायच्या आत पिवळे गमबूट घातलेली एक बाई धावत आली, तिने वल्लरीचा कोपर उलटसुलट करून पाहिला, आणि पाठोपाठ टाय लावलेला एक पोरगेला मॅनेजर येऊन उभा राहिला. ‘‘सो सॉरी, सर. आवर फॉल्ट. वी शुड हॅव मॉप्ड दिस साइड,’’ तो म्हणाला. वल्लरीच त्याची समजूत घालू लागली, ‘‘नो लाह, आय वॉज रनिंग, व्हॉट!’’ तरी तो पुन्हा सॉरी म्हणाला. गमबूटवालीने रबरी पट्टीच्या झाडूने फेसाचं पाणी रेटत गटाराकडे नेलं, तिथे घसरण दाखवणारी पिवळी पाटी मांडली आणि शैलेंद्रकडे पाहून ‘‘अंकल, केअरफुल आ’’ एवढं बोलून गेली. किती सहज म्हणाला तो पोरगा, आवर फॉल्ट! ना त्याची जीभ अडखळली, ना आभाळ कोसळलं. शैलेंद्र बँकेत जोखीम विभागाचा व्यवस्थापक होता. काही बिघडलं की चूक नेमकी कुणाच्या पदरात घालायची याचे तक्ते बनवण्याचाच त्याला पगार मिळे. आणि हे दोन शब्द गेल्या आठवड्यातल्या गुरुवारपासून त्याच्या घशात अडकून पडले होते.

न्यू जर्सीत त्याची एक इमारत होती. इमारत म्हणजे काय, तर विटांची दुमजली वास्तू, चार फ्लॅट, आणि पुढे रस्त्यापासून दारापर्यंत नेणाऱ्या सिमेंटच्या सामाईक पायऱ्या. तो आणि त्याची बायको अनघा तिथे होते तेव्हा खालच्याच फ्लॅटमध्ये राहत आणि बाकीचे तीन भाड्याने देत. बँकेने सिंगापूरला पाठवलं तेव्हा विकून टाकू या असं अनघा म्हणाली होती. त्यावर तो म्हणाला, ‘‘बघू.’’ हा त्याचा आवडता शब्द. भाडेकरू तो शक्यतो मराठीच ठेवी, आणि पहिल्याच दिवशी त्यांना बजावून सांगे, ‘‘घरमालक-बिरमालक म्हणायचं नाही हं. दादा म्हणा.’’ हे त्याचं मोठं समाधान होतं. पुण्याहून नवा नवा आलेला, अमेरिकेत कुणी ओळखीचंही नसलेला तन्मय त्याला फोनवर भेटला, तेव्हा कागदपत्रं न बघता त्याने किल्ली देऊ केली होती. तन्मय आणि त्याची बायको रुचिरा तेव्हापासून त्याचं नाव घेताना आवाज खाली आणत. आणि दादा झाल्यावर मग एक एक सोय आपोआप होत गेली. पायऱ्यांवरचा बर्फ काढायला ट्रक घेऊन येणारा म्हातारा इटालियन काम सोडून मुलाकडे राहायला गेला. दुसरा माणूस नेमायला हवा होता. कायद्याने सामाईक पायऱ्या मालकाच्या, त्यांवरचा बर्फ मालकाचा, हे शैलेंद्रला पाठ होतं. तो म्हणाला, बघू. आणि त्या हिवाळ्यात तन्मयला फोन केला, ‘‘तेवढं फावडं मारून मीठ टाकत जा रे, घरचंच आहे.’’ तन्मय काय बोलणार? ‘‘हो दादा, त्यात काय,’’ म्हणाला. आता या हिवाळ्याला म्हातारा जाऊन दोन वर्षं होत आली होती, आणि शैलेंद्रचं बघणं चालूच होतं.

नाशिकला शैलेंद्रचे वडील पोस्टात होते. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते भाड्याने राहत. जिना अरुंद, वळणाचा आणि दिवसासुद्धा काळोखा. तिथला बल्ब गेला की लावायचा कुणी? घरमालकाने. पण घरमालक इतका गोड माणूस होता! संध्याकाळी ओट्यावर बसलेला असे, वडील दिसले की ‘‘या पोस्टमास्तर’’ म्हणून अर्धा कप चहा पाजी आणि वर म्हणे, ‘‘तुम्ही काय परके आहात का? हे घर तुमचंच.’’ मग वडील शनिवारी बाजारातून येताना पिशवीत पालेभाजीवर ठेवून बल्ब आणत. तो कुणी तरी चोरून नेई, वडील पुन्हा आणत. आई एकदा रागाने म्हणाली, ‘‘अहो, एकदा सांगा ना त्यांना, तुमचा जिना, तुमचा दिवा.’’ वडील म्हणाले, ‘‘चांगल्या माणसाला असं कसं सांगायचं?’’ स्टुलावर चढलेले वडील, त्यांच्या बनियनला पडलेलं भोक, खाली स्टूल धरून उभा असलेला तो. वाईट घरमालक असता तर बाबांनी भांडून दिवा मिळवला असता, असं त्याच्या डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं होतं. त्या गोड माणसाचा त्याला मनापासून तिटकारा होता. आणि हा तिटकारा इतकी वर्षं जपूनही आपण नेमके त्याच्याच ओट्यावर कधी जाऊन बसलो, हे शैलेंद्रला कळत नव्हतं.

‘‘बाबा, यू ऑलसो कम!’’ वल्लरी ओरडली. त्याने मान हलवली. फेसाचा एक पुंजका त्याच्या बुटावर येऊन बसला आणि बघता बघता विरून गेला. खरा बर्फ असा विरत नाही. तो दिवसा थोडा पाझरतो, रात्री पुन्हा धरतो, आणि सकाळी वरून काही दिसत नाही. शैलेंद्रने नऊ हिवाळे काढले होते, त्याला हे कळायला हवं होतं. कळतच होतं. गेल्या आठवड्यातल्या बुधवारी संध्याकाळी मात्र तो हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांत मित्रांबरोबर बसला होता, टेबलावर काड्यांवर भाजलेलं साताय आलं होतं, मासा यायचा होता, कुणी तरी मजेदार किस्सा सांगत होतं, आणि फोन वाजला. रुचिराची आई, अरुणाताई; तिकडे तेव्हा सकाळ होती. लेकीच्या बाळंतपणासाठी कऱ्हाडहून अमेरिकेला गेलेली, आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिलेली बाई. बाळाला महिना झाला होता. ‘‘शैलेंद्रराव, त्रास देते हं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जावई ऑफिसच्या कामाला बाहेरगावी गेलेत, परवा येतील. पायऱ्या मी झाडून काढल्या, पण खाली बर्फ घट्ट चिकटलाय आणि मिठाची पिशवी संपलीय. उद्या मार्गशीर्षातला गुरुवार. लक्ष्मीची पावलं काढायची तर पायरी स्वच्छ हवी. काय करू?’’ साठी ओलांडलेली एक बाई आपल्या घराच्या पायऱ्या झाडतेय, हे ऐकून त्याला शरम वाटायला हवी होती. त्याला वाटलं ते कौतुक. आणि मागे मित्र बोलावत होते. ‘‘मावशी, बर्फ म्हणजे शेवटी पाणीच की! चांगलं कढत पाणी ओता, पळून जाईल,’’ तो हसत म्हणाला. ‘‘बाळाच्या अंघोळीचं तापलंय, त्यातलं उरेल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग झालंच तर!’’ फोन ठेवल्यावर मित्र म्हणाला, ‘‘वा! इथे बसून तिकडच्या बर्फाला न्हाऊ घालतोस होय?’’ सगळे हसले. शैलेंद्रही हसला. मग मासा आला.

अरुणाताईंनी ओतलं. पायरी लखलखीत झाली असणार, ओली, काळी, कऱ्हाडच्या अंगणात सडा घातल्यावर होते तशी. आणि मग रात्री तिची काच झाली. गुरुवारी सकाळी अरुणाताई न्हाऊन, नऊवारीवर जावयाचं जाकीट चढवून, हातात रांगोळीचा डबा घेऊन दाराबाहेर आल्या, आणि दुसऱ्या पायरीवरून थेट खाली गेल्या. खुब्याचं हाड मोडलं. रुचिरा बाळाला पाजत होती, तिला आवाज ऐकू आला तो डब्याचा. फोटो तन्मयने पाठवला होता. पायऱ्यांवर सगळीकडे रांगोळी सांडलेली, पांढऱ्यावर पांढरी. त्या फोटोत माणूस नव्हतं, तरी शैलेंद्रला तो पुन्हा उघडवत नव्हता.

मॉलमधून निघाले तेव्हा वल्लरीचे केस चिकट झाले होते. एमआरटीच्या गाडीत ती त्याच्या दंडाला टेकून बसली आणि तिच्या ओल्या बाहीने त्याचा शर्ट भिजवला. पुंगोलपर्यंतचा प्रवास लांबचा. समोरच्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता, बोगद्याच्या काळोखावर चिकटलेला. त्याला दवाखान्यातला तो दुसरा फोन आठवू लागला. आठवू लागला म्हणजे काय, तो गेला कधी होता? ऑपरेशन झाल्यावर अरुणाताईंनी स्वतः मागून घेऊन फोन केला होता. आवाज औषधाने जड झालेला. ‘‘शैलेंद्रराव, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. माझीच अक्कल. पाणी ओतलं आणि मी विसरले की इथे पाणी पाणी राहत नाही.’’ एवढं बोलून त्या थांबल्या. बऱ्याच थांबल्या. तिकडे कसलं तरी यंत्र टुकटुक करत होतं. आणि इकडे शैलेंद्रच्या जिभेवर वाक्य तयार होतं, मावशी, पाणी ओता म्हणून मीच सांगितलं होतं. छोटं वाक्य. त्याऐवजी तो म्हणाला, ‘‘काळजी घ्या मावशी. काही लागलं तर हक्काने सांगा.’’ ‘‘हो, हो,’’ त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. हक्काने सांगा! हे बोलताना आपला आवाज किती गोड झाला होता ते त्याला आठवलं, आणि गाडीतल्या गारव्यातही त्याचे कान तापले.

बरं, आता गोष्ट नुसत्या मनाच्या टोचणीची राहिली नव्हती. अरुणाताईंचा प्रवासाचा विमा ऑपरेशनातच संपला होता. पुढे चालायला शिकवणारं रुग्णालय, तिथले महिने, हे सगळं इमारतीच्या विम्यातून होऊ शकत होतं, पण त्यासाठी चूक मालकाची ठरायला हवी होती. बर्फ काढणं भाडेकरूंनी पत्करलं होतं असं ठरलं, तर विमा कंपनी हात झटकून मोकळी. आणि तन्मय नेमकं तेच ठरवायला निघाला होता, का, तर दादा अडचणीत येऊ नयेत. दादांनी हो म्हटलं की झालं. तन्मयच्या डोक्यावर आयुष्यभराचा बोजा, अरुणाताई धड चालता न येता घरी, आणि दादा स्वच्छ. शैलेंद्रच्या मनाने या ‘हो’ला आधार शोधायला सुरुवात केली होती, हे त्याला त्या काचेतल्या चेहऱ्याकडे बघताना कळलं. काम पत्करलं होतंच ना त्यांनी? मी कुठे जबरदस्ती केली? कढत पाणी ओतल्यावर पुसून घ्यावं, हे कुणालाही कळतं. मी ओता म्हटलं, पण रात्रभर तसंच सोडा असं थोडंच म्हटलं? त्याने पाहिलं, तो तक्ता बनवत होता. सुबक, बँकेत चालेल असा.

घरी अनघाने डाळतांदळाची खिचडी लावली होती. पुंगोलचा हा फ्लॅट भाड्याचा. इथली घरमालकीण एक चिनी बाई, मोजकं बोलणारी, कधी चहा न पाजणारी. मागच्या महिन्यात न्हाणीघराच्या फरशीवर पाणी झिरपतंय म्हणून शैलेंद्रने तिला जरा चढ्या आवाजातच फोन केला होता, कुणी पडलं तर जबाबदार कोण म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा माणूस हजर होता. वल्लरी आंघोळीला गेल्यावर शैलेंद्रने अनघाला मेसेज दाखवला. तिने चष्मा वर सरकवून वाचला.

‘‘मुलगा सोन्यासारखा आहे गं,’’ तो म्हणाला.

‘‘आहेच. मग हो म्हणून टाक ना. तो स्वतःहून म्हणतोय.’’

‘‘पण काम आपलं होतं, अनघा. माणूस मी नेमायला हवा होता.’’

‘‘हवा होता. मी दोन वर्षं सांगतेय,’’ ती म्हणाली, आणि मग त्याचा चेहरा बघून मऊ झाली. ‘‘हे बघ, वाईट मलाही वाटतंय. मी वेगळे पैसे पाठवीन त्यांना, जमेल तसे. पण ती पडली त्यात तू काय केलंस? तू इथे होतास. तू काही तिच्या पायरीवर पाणी ओतायला गेला नव्हतास.’’

शैलेंद्रच्या हातातला घास हातातच राहिला. आत्ता सांगावं. ही बायको आहे, ही ऐकेल, रागावेल, रडेलसुद्धा, पण ऐकेल. ‘‘लोणचं हवंय?’’ अनघाने विचारलं. ‘‘दे,’’ तो म्हणाला. तिने वाढलं. आंब्याचं लोणचं, तिच्या आईने पाठवलेलं. त्याने ते बोटाने भातात कालवलं आणि मान खाली घालून सगळं संपवलं. वल्लरी टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि विचारू लागली, ‘‘बाबा, रिअल स्नो पण असाच स्लिपरी असतो?’’ ‘‘असतो,’’ तो म्हणाला. ‘‘देन हू क्लीन्स इट?’’ अनघा म्हणाली, ‘‘पुरे आता, केस पूस आधी.’’ पोर केस पुसत निघून गेली. तिला उत्तराची गरजही नव्हती, विचारायचं म्हणून विचारलं होतं तिने. तो मात्र अंथरुणावर पडल्यावर त्या प्रश्नाला चाचपडत राहिला आणि केव्हा तरी त्याला झोप लागली. स्वप्नबिप्न काही पडलं नाही. अपराधी माणसाला झोप येत नाही म्हणतात ते तितकंसं खरं नाही.

सकाळी तो फोन घेऊन खाली आला. ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत सिमेंटची टेबलं आणि बाकं होती, तिथे बसला. उजाडायचं होतं. ब्लॉक धुणारी माणसं पाण्याचे पाइप घेऊन कामाला लागली होती, जिन्याच्या तोंडाशी पिवळी पाटी मांडून. फोन बरोबर सहाला वाजला. बाईचा आवाज मध्यमवयीन, थकलेला, शुक्रवारी संध्याकाळी घरी जायची वाट बघणारा. तिने नाव विचारलं, पत्ता विचारला, संभाषण ध्वनिमुद्रित होतंय असं सांगितलं. मग तिने ठरलेला प्रश्न वाचून दाखवला. पायऱ्यांवरचा बर्फ हटवण्याची जबाबदारी कुणाची होती? भाडेकरूचं म्हणणं आहे की ती त्यांनी तोंडी स्वीकारली होती. हे बरोबर आहे का?

‘हो’ त्याच्या तोंडात तयार होतं. तिला फक्त होकारच टिपून घ्यायचा होता, तेही त्याला ऐकू येत होतं. त्याला वडील दिसले नाहीत, बल्बही दिसला नाही. दिसलं ते एवढंच, की तन्मय नावाचा पोरगा तिकडे कुठे तरी आपल्या ‘हो’ची वाट बघत उभा आहे आणि तो मिळाला की तो म्हणणार, थँक्यू दादा. हे थँक्यू आपल्याला गिळवणार नाही, असं शैलेंद्रला स्वच्छ वाटलं. ‘‘नाही,’’ तो इंग्रजीत म्हणाला. ‘‘जबाबदारी माझी. मी मालक आहे.’’ एकदा तोंड उघडल्यावर पुढचं सगळं आलं. इटालियन म्हातारा, दोन वर्षं न नेमलेला माणूस, बाळंतिणीच्या घरात पाहुणी आलेली बाई, मिठाची रिकामी पिशवी, तो फोन. ‘‘बर्फ आहे हे मला आदल्या दिवशी माहीत होतं. कढत पाणी ओता असं त्यांना मी सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं काय होईल ते. मला माहीत होतं.’’ तिकडे कीबोर्डचा आवाज थांबला. ‘‘सर, हे मी आहे तसंच नोंदवू?’’ ती म्हणाली. आता तिचा आवाज थकलेला नव्हता. ‘‘तसंच,’’ तो म्हणाला. याचे परिणाम होऊ शकतात, तुमचा विमा पुढे चालू राहीलच असं नाही, असंही तिने सांगितलं.

मग लगेच, म्हणजे धीर विझायच्या आत, त्याने तन्मयला फोन लावला. पलीकडे बाळ रडत होतं.

‘‘झालं, दादा?’’

‘‘झालं. तन्मय, मी हो नाही म्हटलं. मी तिला खरं सांगितलं. आणि तुलाही एक सांगायचंय. मावशींनी पाणी ओतलं ते त्यांच्या मनाने नाही. मी सांगितलं होतं. फोनवर. हसत हसत सांगितलं होतं.’’

बाळाचं रडणं दूर गेलं, बहुतेक तन्मय बाजूला आला. ‘‘माहीत आहे,’’ तो म्हणाला.

‘‘काय माहीत आहे?’’

‘‘रुचिराने ऐकलं होतं सगळं. फोन स्पीकरवर होता. आईंचे हात तेलाचे होते ना, बाळाला मालिश चाललं होतं.’’

पाइपचं पाणी फरशीवरून वाहत शैलेंद्रच्या चपलांपर्यंत आलं. त्याला पाय उचलायचं सुचलं नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून. फोटो पाठवताना माहीत होतं, ‘काळजी नसावी’ लिहिताना माहीत होतं. आणि त्याने, शैलेंद्रने, या लोकांना नऊ दिवस हक्काने सांगा, हक्काने सांगा म्हणून ऐकवलं होतं.

‘‘मग तू तिला तसं का सांगितलंस? तुमचंच नुकसान होतं त्यात.’’

‘‘रुचिरा भांडली माझ्याशी त्यावरून,’’ तन्मय म्हणाला. ‘‘पण तुम्ही आम्हाला घर दिलंत तेव्हा आम्हाला कुणी दारात उभं करत नव्हतं. तुमचं नाव मी कसं घेणार? आई म्हणाल्या, त्यांना आपण तोंडघशी नको पाडू या, ते आपण होऊन सांगतील. खरं सांगू, मला नव्हतं वाटलं.’’ त्याने हे रागाने म्हटलं नाही, ते जास्त लागलं. ‘‘आईंकडेच आलोय आत्ता, दवाखान्यात. देऊ?’’

नको, असं शैलेंद्र म्हणणार होता. फोन हातोहात गेला. कापडाची सळसळ, मग अरुणाताईंचा आवाज, आता औषधाशिवायचा, कोरडा आणि जवळचा.

‘‘बोला शैलेंद्रराव.’’

‘‘मावशी, माझं चुकलं.’’

‘‘हं,’’ त्या म्हणाल्या. त्या थांबल्या, त्या दिवशी थांबल्या होत्या तशाच, आणि आता त्याला कळलं की ते थांबणं औषधाचं नव्हतं. ‘‘त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला तो त्याचसाठी हो. म्हटलं, माणसाला बोलायला जागा द्यावी. तुम्ही काळजी घ्या म्हणालात. कालचा गुरुवार गेला तेव्हा मी रुचिराला म्हटलं, आता नाही बोलायचे ते. पोथी वाचायला घेतली, पण लक्ष लागेना.’’

शैलेंद्र ऐकत होता. आता त्या म्हणतील, मनाला लावून घेऊ नका. सवयीच्या आहेत त्या, म्हणतीलच. तो त्या वाक्याची वाट बघत होता, अगदी लहान मूल हात पुढे करून उभं राहतं तशी, आणि ही वाट बघण्याचीही त्याला लाज वाटत होती. ते वाक्य आलं नाही.

‘‘रविवारी पुन्हा बर्फ पडणार म्हणतात,’’ अरुणाताई म्हणाल्या. ‘‘पोर बाळाला घेऊन त्याच पायऱ्या उतरणार आहे, डॉक्टरकडे जायला. पायऱ्यांचं काय?’’

‘‘बघतो मावशी.’’

‘‘बघू नका,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माणूस पाठवा.’’

‘‘पाठवतो,’’ तो म्हणाला. त्यांनी फोन ठेवला. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ होती, दुकानं अजून उघडी असतील. चपला पाण्यात तशाच ठेवून शैलेंद्र तिथल्या बर्फ काढणाऱ्यांचे नंबर शोधू लागला. पहिल्याने उचलला नाही. दुसऱ्याने उचलला आणि खेकसून विचारलं, कोण बोलतंय.

‘‘घरमालक,’’ शैलेंद्र म्हणाला, आणि पत्ता सांगू लागला.